चौरस फुटाच्या भावात जुने घर मावत नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात : कोल्हापुरात शिक्षिका असलेल्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे. त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून पंचगंगेच्या बाजूच्या एका जुन्या पेठेतले दुमजली घर घेण्याच्या विचारात आहेत. तळमजला विटांचा, त्यावर स्लॅब. वरचा मजला नंतर चढवलेला आणि त्यावर मंगलोरी कौले. एकूण बांधकाम १,२०० चौरस फूट, मालकाची मागणी ४८ लाख. दोघांचे मिळून २५ लाख जमले आहेत. ३६ लाखांचे कर्ज काढायचे, घर दुरुस्त करायचे आणि विकायचे, असा बेत आहे. भावाचा मित्र ठेकेदार आहे. त्याने घरातून एक फेरी मारून ‘चौरस फुटाला ९०० धरा, तीन महिन्यांत चाव्या हातात देतो’ असे सांगितले आहे. म्हणजे १० लाख ८० हजार. गल्लीतले एक नूतनीकरण केलेले घर ७० लाखांना ‘सांगतात’. भावाने एका व्हिडिओत पाहिले की विक्रीच्या किमतीच्या सत्तर टक्क्यांच्या आत घर मिळाले तर व्यवहार फायद्याचा, आणि ४८ लाख हे ७० लाखांच्या सत्तर टक्क्यांच्या आतच बसतात. जूनमध्ये काम सुरू करून दसऱ्याला घर विकायचे आहे. त्या विचारतात : हा ९००चा आकडा बरोबर आहे का, आणि मित्राकडे लेखी मागितले तर वाईट दिसेल का? शेवटी त्यांनी सहज म्हणून लिहिले आहे की जुनी सागवानी दारे-चौकटी राडारोड्याबरोबर ‘फुकट’ उचलून न्यायला ठेकेदार तयार आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत, आणि पैशांविषयी विचारणाऱ्या पत्रात असे क्वचित असते. पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले की त्यातला प्रत्येक आकडा दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून आलेला आहे. ४८ लाख मालकाचे, ७० लाख शेजाऱ्याचे, ९०० ठेकेदाराचे आणि सत्तर टक्के व्हिडिओचे. टेप धरून मोजलेला असा एकही आकडा त्यात नाही. त्यामुळे ९०० बरोबर की चूक, या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही, आणि घर उघडून पाहिल्याशिवाय ते तुमच्या भावाचा मित्रही देऊ शकत नाही. त्याने ते दिले आहे, एवढाच फरक.

चौरस फुटाचा भाव ही नव्या बांधकामाची भाषा आहे. मोकळ्या प्लॉटवर पायापासून घर उभे राहते तेव्हा विटा, स्लॅब, गिलावा, फरशी यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण फारसे बदलत नाही, म्हणून एका सरासरी दराने अंदाज बांधता येतो. दुरुस्तीत हे प्रमाणच मोडते. तुमच्या घरातली चार बाय सहा फुटांची न्हाणी घ्या. तिचे क्षेत्रफळ २४ चौरस फूट, म्हणजे ९०० च्या हिशेबाने तिच्या वाट्याला येतात २१,६०० रुपये. आता तीच न्हाणी भिंतींवरून मोजा. चारी भिंतींची एकूण लांबी २० फूट; सात फुटांपर्यंत टाइल लावायची तर १४० चौरस फूट; अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा केले तरी १२२ चौरस फुटांच्या वर; जमिनीचे २४ मिळवले की सुमारे १४७; त्यात तोडफोडीची दहा टक्के भर घातली की १६१ चौरस फूट टाइल. चोवीस चौरस फुटांच्या न्हाणीला एकशे एकसष्ट चौरस फूट टाइल लागते! शिवाय जुनी फरशी फोडणे, वॉटरप्रूफिंग, नळ, सांडपाण्याची पाइप, कमोड, गिझरचा पॉइंट हे सगळे वेगळेच. उलट पंधरा बाय बाराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, कदाचित भिंती घासून रंग द्यायचा आणि फरशी पॉलिश करायची, एवढेच काम असेल. पण ९००च्या दराने त्याचा खर्च १ लाख ६२ हजार होतो. सरासरीत एकाचे दुसऱ्याच्या अंगावर जाते, आणि घरात न्हाण्या किती आणि सोपे किती, यावर तुमचे नुकसान किंवा ठेकेदाराचे नुकसान ठरते. ठेकेदाराचे नुकसान होऊ लागले की काम कुठल्या मार्गाने हलके होते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

म्हणून अंदाजपत्रकाची सुरुवात खोलीपासून करावी. एक साधी शंभर पानी वही घ्या. तुम्ही शिक्षिका आहात, तक्ते आखण्याची सवय तुम्हाला आहेच. प्रत्येक खोलीला एक पान द्या आणि त्यावर लांबी, रुंदी, उंची, दारे, खिडक्या, विजेचे पॉइंट आणि नळ लिहा. मग त्या खोलीत नेमके काय काय करायचे ते एकेका ओळीत लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे तिचे योग्य एकक ठेवा : गिलावा आणि रंग चौरस फुटांत, ओट्याचा कडाप्पा, स्कर्टिंग आणि पाइप रनिंग फुटांत, दारे-खिडक्या नगावर, वायरिंग पॉइंटवर, वाळू, खडी आणि राडारोडा ब्रासमध्ये. बारा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली जमिनीवर १२० चौरस फूट असली तरी तिच्या भिंती ४४० चौरस फूट भरतात, हे एकदा स्वतः मोजले की पुढे कोणीही ‘खोलीचे इतके’ म्हणाले तर ‘कशाचे इतके?’ असा प्रश्न तुमच्या तोंडून आपोआप निघेल. हे काम दोन रविवारांचे आहे. त्याला इंजिनिअर लागत नाही. टेपचे दुसरे टोक धरायला भाऊ पुरेसा आहे.

मोजमापाची रीतही आधीच ठरवा, कारण अर्धी भांडणे दरावरून होत नाहीत, ती मापावरून होतात. गिलाव्यात दारा-खिडकीची जागा वजा करायची की नाही? बांधकामाच्या मोजमापासाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे. त्यानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे भोक वजा होत नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरचे असेल आणि भिंतीला दोन्ही अंगांनी गिलावा असेल, तर एकाच अंगाने वजा होते, कारण चौकटीच्या कडा भरण्याचे काम गवंड्याला करावेच लागते. त्याहून मोठे असेल तर दोन्ही अंगांनी वजा होते आणि कडा वेगळ्या मोजल्या जातात. तुमचे सात बाय तीनचे दार म्हणजे २१ चौरस फूट, दोन चौरस मीटरांहून थोडे कमी. ते एका अंगाने वजा न करणारा गवंडी तुम्हाला फसवत नसतो. पण प्रत्येक दार दोन्ही अंगांनी भरीव भिंत म्हणून मोजणारा मात्र जास्त पैसे लावत असतो.

मालाची काही साधी गणिते पाठ असू द्या. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणाकाराला शंभराने भागले की किती ब्रास आले ते समजते. ओलसर बारीक वाळू फुगते, आणि ती फूग वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणून जूनमध्ये घेतलेली ओलसर वाळू हौद्यात भरगच्च दिसली तरी गिलाव्यात कमी पडते. सळईचे वजन किलोत काढायचे तर मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून १६२ ने भागावे; म्हणजे एका मीटरचे वजन येते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८९ ग्रॅमच्या आसपास भरते, आणि नेहमीची १२ मीटर लांबीची कांडी साडेदहा किलोंच्या थोडी वर. काटापावती ताडून पाहायला एवढे पुरते. एकास चार प्रमाणाच्या १२ मिलिमीटर जाडीच्या गिलाव्याला शंभर चौरस फुटांमागे ५० किलोचे सिमेंटचे साधारण एक पोते लागते. पण जुनी भिंत ओळंब्यात नसते. तिला सरळ करताना गिलाव्याची सरासरी जाडी पंचवीस मिलिमीटरवर गेली की सिमेंट-वाळू दुपटीच्या पुढे जाते, आणि ते कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेले नसते. ओळंबा लावून भिंतीची सर्वांत मोठी फूग किती आहे ते वहीत लिहून ठेवा.

इथपर्यंतचे सगळे दिसणारे होते. जुन्या घरातला खरा खर्च न दिसणाऱ्याचा असतो, आणि मला तुम्हाला मुख्यतः त्याविषयीच सांगायचे आहे. माझ्या स्वतःच्या कौलारू घराचे काम मी पूर्वी एकदा अंगावर दिले होते. अंदाजात कौले उतरवणे, फुटकी बदलणे आणि पुन्हा चढवणे एवढेच धरले होते. कौले उतरली तेव्हा दिसले की आढ्याच्या भिंतीतल्या टोकाला वाळवीने पोखरले आहे आणि चार वासे हाताने मोडतात. बाहेरून त्यावर तेलपाणी केलेले होते आणि आतून छताला फळ्या होत्या. कोणी लबाडी केली नव्हती. मी उघडून पाहिले नव्हते. त्या छताचा खर्च अंदाजाच्या अडीचपट झाला. पावसाळा तोंडावर असल्यामुळे घासाघीस करायलाही वेळ नव्हता.

तुम्ही घर घेण्याआधी उघडून पाहू शकता, आणि यासाठी खर्च करायला कचरू नका. विसार देताना विसारपावतीत तीन आठवड्यांच्या तपासणीची अट घाला आणि तपासणीत मोठा दोष निघाला तर विसार परत मिळेल, असे लिहून घ्या. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा. त्याची फी तुम्हाला जास्त वाटेल, पण ४८ लाखांच्या सौद्यात ज्ञान याहून स्वस्त मिळत नाही. स्लॅबच्या खालच्या बाजूला पोपडे सुटले आहेत का, सळई गंजून फुगली आहे का, हे त्याने हातोडीने ठोकून आणि लागेल तिथे यंत्राने तपासावे. भिंतीच्या खालच्या तीन फुटांत लोणा (ओलीबरोबर वर चढणारे क्षार) लागला असेल तर गिलावा ठोकल्यावर बद्द आवाज येतो. अशा भिंतीवर नुसता नवा सिमेंटचा गिलावा चढवला तर ओल आत कोंडते आणि दुसऱ्या वर्षी पोपडा थोडा वर सरकून पुन्हा निघतो. वीट चुन्यात किंवा मातीत बांधलेली असेल तर हे हमखास होते, तिथे चुन्याचा गिलावा लागतो आणि तो करणारा गवंडीही शोधावा लागतो. लाकडात स्क्रू ड्रायव्हर खुपसून पाहा. विजेला अर्थिंग आहे की दोनच तारा आहेत ते पाहा. सगळे नळ एकदम उघडा. जुन्या लोखंडी पाइपा आतून गंजून अरुंद झाल्या असतील तर शेवटच्या नळाची धार लगेच बारीक होते.

त्यानंतर वहीतल्या ओळींना तीन खुणा करा : नक्की, बहुधा आणि उघडल्यावरच कळेल. पहिल्या गटाला नेमके माप आणि नेमका दर लावा. दुसऱ्याला कमाल आणि किमान असे दोन आकडे द्या. तिसऱ्यासाठी स्वतंत्र तरतूद ठेवा. तुमच्यासारख्या दोन वेगवेगळ्या काळांत बांधलेल्या घराला मी दुरुस्तीच्या एकूण खर्चाच्या पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी धरणार नाही. ही तरतूद ठेकेदाराला सांगू नका. सांगितली की ती खर्च होते.

नदीचे वेगळे लिहितो, कारण पत्रात तुम्ही ‘पंचगंगेच्या बाजूच्या’ असे लिहून तो विषय तिथेच सोडला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. त्या दोन्ही वेळी या घराच्या जोत्यापर्यंत, उंबऱ्यापर्यंत की खिडकीपर्यंत पाणी होते, हे मालकाला विचारू नका; समोरच्या दुकानदाराला आणि शेजारच्या आजींना विचारा, त्या भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन घर निळ्या पूररेषेच्या आत आहे की निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये, ते पाहा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगीची अडचण येते, आणि तुमच्याकडून घेणारा गिऱ्हाईकही हेच विचारणार आहे. पाणी शिरलेले घर असेल तर अंदाजपत्रकच बदलते : तळमजल्यावर प्लायवूडची कपाटे नकोत, विजेचे बोर्ड पाण्याच्या खुणेच्या वर हवेत, चौकटी लाकडाऐवजी ग्रॅनाइटच्या हव्यात. विक्रीची किंमतही बदलते, आणि ती खालच्या बाजूला.

आता वेळापत्रक. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत कोल्हापुरात कौले उतरवायची आणि बाहेरून गिलावा करायचा, हे मला पटत नाही. पावसात आतला गिलावाही लवकर वाळत नाही, आणि ओल्या गिलाव्यावर दिलेला रंग दिवाळीआधी फुगतो. त्यातच गौरी-गणपतीला कामगार आठ-दहा दिवस गावी जातात. जुन्या पेठेच्या बोळात डंपर जात नाही, त्यामुळे वाळू गल्लीच्या तोंडाशी उतरते आणि तिथून बिगाऱ्यांच्या डोक्यावरून आत येते. राडारोडाही त्याच वाटेने बाहेर जातो, आणि फोडलेला माल जागेवर होता त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतो. ही ने-आण कोणाच्या अंगावर, हे कोटेशनमध्ये स्पष्ट नसेल तर ती तुमच्या अंगावर येते. माझ्या हिशेबाने छताचे आणि बाहेरचे काम ऑक्टोबरच्या आधी सुरू होत नाही. तेव्हा दसऱ्याला विक्रीची गोष्ट सोडा. घर हातात आल्यापासून विकेपर्यंत दहा महिने धरा.

भावाच्या सत्तर टक्क्यांविषयी. हा ठोकताळा अमेरिकेत घरे घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्यांचा आहे, आणि भावाने तो अर्धाच ऐकला आहे. दुरुस्तीनंतरच्या विक्रीच्या किमतीचे सत्तर टक्के काढायचे आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, असा तो पूर्ण नियम आहे. ७० लाखांचे सत्तर टक्के ४९ लाख. त्यातून १० लाख ८० हजार गेले की राहतात ३८ लाख २० हजार. म्हणजे ज्या नियमाच्या आधारावर तुम्ही ४८ लाख देणार आहात, तोच नियम ३८च्या वर जाऊ नका असे सांगतो. तिथला बाजार वेगळा, तिथले खर्च वेगळे, त्यामुळे तो आकडा इथे वेदवाक्य नाही. पण उरलेल्या तीस टक्क्यांत खरेदीचा खर्च, विक्रीचा खर्च, व्याज आणि नफा बसवायचा असतो, ही त्यामागची जाण इथेही लागू पडते, आणि तुमच्या हिशेबात नेमके हेच खर्च नाहीत.

ते धरून पाहू. तुमच्या मते नफा ७० वजा ५८.८०, म्हणजे ११ लाख २० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून ढोबळमानाने ३ लाख २० हजार धरा. नेमकी रक्कम दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा, कारण रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेली, किंमत आणि व्यवहाराची किंमत यांपैकी जी जास्त त्यावर शुल्क लागते. (घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, पण तेवढ्यासाठी भावाचे नाव वगळण्याचा सल्ला मी देणार नाही.) ३६ लाखांवर नऊ टक्के व्याज धरले तर महिन्याला २७ हजार, दहा महिन्यांचे २ लाख ७० हजार. खरेदी-विक्रीला प्रत्येकी एक टक्का दलाली, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार. उरले ४ लाख १० हजार. दुरुस्तीतल्या न दिसणाऱ्या कामांची पंचवीस टक्के तरतूद २ लाख ७० हजार. उरले १ लाख ४० हजार, दोघांत वाटून सत्तर-सत्तर हजार, आणि हे कराच्या आधी. घर ७० ऐवजी साडेसहासष्टला गेले तर दोन लाखांचे नुकसान. शेजाऱ्याने सांगितलेले ७० हे मागणीचे आहेत हे लक्षात घ्या. पेठेतली अशी घरे खरोखर कितीला नोंदली गेली, हे नोंदणी विभागाच्या ई-सर्च सुविधेवर सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्यात, पाहता येते. आणखी एक गोष्ट : १२ लाख स्वतःचे घालणे, ३.२० शुल्काचे, १०.८० दुरुस्तीचे, ही बेरीज २६ लाख होते आणि तुमच्याकडे २५ आहेत. पहिला हातोडा पडण्याआधीच एक लाख कमी आहेत.

कराचे थोडक्यात सांगतो. घर २४ महिन्यांच्या आत विकले तर नफा अल्पकालीन ठरतो आणि तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. घरात केलेली भांडवली सुधारणा नफ्यातून वजा मिळते, किरकोळ डागडुजी मिळत नाही. आणि जे मिळते ते बिले असतील तरच. ‘बिल नको असेल तर जीएसटी वाचतो’ असे कोणी सांगितले तर तो कोणाचा वाचतो, हे विचारा.

मित्राकडे लेखी मागावे का? मागावे, आणि त्याच्या एकट्याकडे मागू नये. तुमच्या वहीतले मोजमाप, दर न लिहिता, तीन ठेकेदारांना द्या. मित्र त्यांतला एक. तिघांनी एकाच यादीत दर भरले की बेरजेपेक्षा ओळी पाहा. एकाने वॉटरप्रूफिंगचा दर निम्मा लावला असेल तर तो स्वस्त आहे की काम निम्मे करणार आहे, हे विचारता येते. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची ताळा करायला उपयोगी पडते, पण ते मोठ्या सरकारी कामांचे दर आहेत. बोळातल्या सुट्या कामाला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. काम एकरकमी न देता बाबनिहाय दराने द्या, म्हणजे झालेल्या कामाचे माप दोघांनी मिळून घ्यायचे आणि तेवढेच पैसे द्यायचे. जादा कामाचा दर काम करण्याआधी लिहायचा. प्रत्येक दर जीएसटीसह आहे की त्याशिवाय, तेही लिहायचे. शेवटचे पाच टक्के पुढच्या पावसाळ्यातला पहिला जोराचा पाऊस होईपर्यंत राखून ठेवायचे. मित्राला हे सगळे एका वाक्यात सांगता येते : “ताईच्या बँकेला कागद लागतो.” ते खोटेही नाही, दुरुस्तीसाठी कर्ज मागायला गेलात तर बँक अंदाजपत्रक मागतेच.

मग काय करावे? आहे या किमतीला, घेऊन-विकण्याच्या हेतूने, मी हे घर घेणार नाही. पण दार बंद करण्याआधी दोन वाटा पाहा. तपासणीचा अहवाल आणि तुमची वही हातात घेऊन मालकाशी पुन्हा बोला. ‘किंमत जास्त वाटते’ यापेक्षा ‘छताला आणि स्लॅबला इतका खर्च आहे, हे पाहा’ हे बोलणे वेगळे पडते, आणि ४२ च्या आसपास सौदा आला तर चित्र बदलते. दुसरी वाट घर ठेवण्याची. पाण्याची खूण खाली असेल तर तळमजला आधी राहण्याजोगा करून रीतसर नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराने भाड्याने द्यावा आणि वरचा मजला पुढच्या कोरड्या हंगामात करावा. भाडेकरूला फॉल्स सीलिंग नको असते. त्याला पाणी, स्वच्छ न्हाणी आणि न गळणारे छप्पर हवे असते, त्यामुळे दुरुस्तीची यादीच लहान होते. भाड्याच्या निव्वळ वार्षिक मूल्यावर प्राप्तिकरात ३० टक्के सरसकट वजावटही मिळते. मात्र या वाटेने पैसा बरीच वर्षे अडकतो, आणि भावाचे लग्न किंवा तुमच्या मुलांचे शिक्षण त्या वर्षांत येत असेल तर आधी त्याचा हिशेब मांडा.

राहिली सागवानी दारे. ती फुकट देऊ नका. चार बाय तीन इंचांच्या एका चौकटीत सात फुटांचे दोन उभे आणि चार फुटांचे दोन आडवे धरले तर २२ फूट लाकूड, म्हणजे १.८३ घनफूट होते. अशा आठ चौकटी असतील तर साडेचौदा घनफुटांच्या वर, आणि दारांच्या फळ्या व तुळया वेगळ्या. जी शाबूत आहेत ती रंधा मारून तिथेच परत बसवा, म्हणजे नव्या चौकटींचा खर्च वाचेल. उरलेल्यांचा भाव जुने लाकूड घेणाऱ्या दोघांना विचारा आणि जो येईल तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर, वजाबाजूला लिहा.